गर्भजलाची साक्ष

मुंबईच्या कोट विभागात, हॉर्निमन सर्कलनजीक, सेंट टॉमस कॅथेड्रल नावाचे जे जुने प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या आत १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले जोनाथन डंकन यांचे स्मारक उभे आहे. आणि त्यावर, सोळा वर्षांच्या त्या कारकिर्दीतील लढाया व तह बाजूस ठेवून, बनारस आणि काठेवाड या मुलखांत बालहत्या बंद झाल्याचे कोरलेले आहे. एखाद्या राज्यकर्त्याच्या नावावर जमा व्हावी अशी याहून मोठी पुण्याई कोणती असेल? परंतु हा मजकूर दगडावर उतरला तेव्हा तो खरा नव्हता, आणि तो खरा का नव्हता हे पाहिल्यावाचून, पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी याच शहरात जे घडले त्याचा नीट उलगडा होत नाही.

डंकन हे १७८९ साली बनारसचे रेसिडेंट असताना त्यांच्या ध्यानी आले की, त्या भागातील राजकुमार नावाच्या राजपूत कुळांत मुलगी जन्मताच तिला अन्नावाचून मरू देण्याचा शिरस्ता आहे. पुढे मुंबईस गव्हर्नर म्हणून आल्यावर काठेवाड आणि कच्छ येथील जाडेजा घराण्यांत तीच वहिवाट चालू असल्याचे समजले, तेव्हा बडोद्याच्या गायकवाड दरबारी रेसिडेंट असलेल्या कर्नल वॉकर यांच्याकरवी त्यांनी १८०८ साली जाडेजा सरदारांकडून ही प्रथा सोडून दिल्याचे करारनामे लिहून घेतले. करार दफ्तरी दाखल झाले, आणि मुली मात्र जन्मून नाहीशा होतच राहिल्या. १८३४ साली विलोबी नावाच्या पोलिटिकल एजंटाला जाडेजांच्या कुटुंबांची खानेसुमारी करावी लागली, दंडाच्या रकमांतून फंड उभारून मुलींच्या लग्नखर्चास साहाय्य देण्याची तजवीज करावी लागली. आणि एवढ्यानेही न भागल्यामुळे १८७० साली स्त्री-बालहत्येच्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करणे सरकारला भाग पडले, ज्याचा रोख प्रामुख्याने वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब यांच्याकडे होता. अपराध घराच्या आत होत होता, साक्षीला असलेल्या सुइणीला आणि आईला बोलण्याची मुभा नव्हती, म्हणून सरकारने शेवटी एकच उपाय जाणला: जन्मलेल्या प्रत्येक जीवाची नोंद ठेवावी आणि ती नोंद पुढे ताडून पाहावी. हा उपाय अपुरा होता, तरी त्यामागचे तत्त्व खोल होते. मूल जन्मले, याला पुरावा असतो. जन्मलेल्याची गणती करता येते.

या प्रथेच्या प्रदेशांत मराठी मुलखाची गणना कधी झाली नाही. आमच्याकडे मुलीचा जन्म आनंदाने साजरा होत असे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने शोध घेतला तेव्हा ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ असे नाव पटावर असलेल्या दोनशेहून अधिक मुली सापडल्या, आणि समारंभपूर्वक त्यांना नवी नावे देण्यात आली. आपल्याच लेकीच्या कपाळी जन्मभरासाठी असा शिक्का मारणाऱ्या घराविषयी मनात संताप दाटतो. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे, ती ही की नकोशी जन्मत होती. ती पटावर होती, शाळेत जात होती, ‘हजर’ म्हणत होती. तिला जन्मालाच येऊ न देण्याची सोय त्या घरास पुढे जी मिळाली, ती कोणत्याही जुन्या रूढीने पुरवली नाही. ती आधुनिक आनुवंशिकीने, आणि त्या विद्येचा व्यापार मांडणाऱ्यांनी पुरवली.

ही विद्या ज्या वाटेने आली ती वाट पाहिली, तर तिच्या आरंभी कोणताही दुष्ट हेतू आढळत नाही. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि इवार्ट बर्ट्रम हे दोघे मांजराच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. मादीच्या पेशीच्या केंद्रकात रंग दिल्यावर एक गडद ठिपका उमटतो आणि नराच्या पेशीत तो उमटत नाही, हे त्यांच्या नजरेस आले. सहा-सात वर्षांतच कोपनहेगन येथील फुक्स आणि रीस या डॉक्टरांनी, गर्भ ज्या पाण्यात तरंगत असतो त्या गर्भजलात गर्भाच्याच त्वचेच्या पेशी सुटलेल्या असतात, या गोष्टीचा उपयोग करून, मातेच्या उदरातून सुईने काढलेल्या थोड्याशा पाण्यावरून गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगता येते, असे दाखवून दिले. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात हेदेखील ज्या सुमारास, म्हणजे १९५६ साली, प्रथम निश्चित झाले, त्याच वर्षी हा शोध प्रसिद्ध झाला. जन्मापूर्वी गर्भाच्या आनुवंशिक लेखातून मनुष्याने वाचलेले पहिले अक्षर लिंगाचे होते, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

डेन्मार्कच्या डॉक्टरांना हे अक्षर कशासाठी वाचायचे होते? रक्त न गोठण्याचा, हिमोफिलिया नावाचा जो विकार आहे, तो आईकडून येतो परंतु बहुधा मुलग्यांना बाधतो. वाहक मातेच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना तो होण्याचा संभव असतो, आणि मुली मात्र, त्यांच्यापैकी निम्म्या वाहक निघाल्या तरी, सहसा निरोगी जगतात. त्या काळी या रोगावर म्हणण्यासारखा इलाज नव्हता. एक भाऊ साध्या जखमेने रक्त वाहून गेलेला ज्या स्त्रीने पाहिला आहे, तिला दिवस गेल्यावर जी धास्ती वाटे ती कमी करावी, म्हणून ही चाचणी निघाली. गर्भ मुलीचा असला तर तो निर्धास्तपणे वाढवावा आणि मुलाचा असला तर काय करायचे ते त्या दांपत्याने ठरवावे, अशी तिची योजना होती. यातही नीतीचा प्रश्न होताच, कारण गर्भपात झालेल्या मुलग्यांपैकी निम्मे निरोगी असणार हे सर्वांस ठाऊक होते. परंतु कोपनहेगनात ती सुई जिच्या बाजूने साक्ष देत असे ती मुलगी होती. तीच सुई, तेच पाणी, तोच गडद ठिपका मुंबईस पोहोचला तेव्हा साक्षीचा अर्थ नेमका उलटा लावला गेला, आणि हा उलटा अर्थ लावण्यासाठी यंत्रात कोणताही फरक करावा लागला नाही. ज्ञान हे तटस्थ असते आणि दोष केवळ वापरणाऱ्याचा असतो, असे जे पुष्कळदा म्हटले जाते, ते मला या ठिकाणी अपुरे वाटते. कारण कोणती माहिती आधी वाचता येते, किती स्वस्तात वाचता येते आणि ती वाचून दाखवणाऱ्यास काय मिळते, यावर तिचा वापर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

भारतात ही परीक्षा १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आली, ती गर्भातील व्यंगे शोधण्याच्या उद्देशाने. थोड्याच दिवसांत संस्थेच्या ध्यानी आले की, येणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींना व्यंगाशी कर्तव्य नसून गर्भ मुलाचा की मुलीचा एवढेच विचारायचे आहे. याहूनही खेदाची गोष्ट अशी की, लोकसंख्येच्या चिंतेने ग्रासलेल्या त्या काळात काही वैद्यकीय तज्ज्ञांनीच हा उपयोग इष्ट ठरवला. मुलगा होईपर्यंत मुले होऊ देणाऱ्या कुटुंबांना या परीक्षेने मोकळे करता येईल आणि अनावश्यक प्रजनन थांबेल, असा युक्तिवाद वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. देशाच्या हिताचे नाव घेऊन न जन्मलेल्या मुलींचा हिशेब एवढ्या थंडपणे मांडला जावा, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. सुदैवाने विरोध झाला, आणि १९७८ साली सरकारी रुग्णालयांत केवळ लिंग जाणण्यासाठी ही परीक्षा करू नये, असा हुकूम निघाला. परंतु हुकूम सरकारी रुग्णालयांपुरता होता. दार बंद झाले ते सरकारी. खाजगी दारे त्याच वेळी उघडली.

गर्भजल परीक्षा, या नावाने ती महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातील शहरे यांतून तिचा जो धंदा वाढला, त्याचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून लांब सुई घालून पंधरा-वीस घनसेंटिमीटर पाणी काढले जाई. ते प्रयोगशाळेकडे जाई. पेशींची वाढ करून अहवाल यायला दिवस लागत, आणि मग ‘मुलगी’ असे उत्तर आले की अठराव्या-विसाव्या आठवड्यात, म्हणजे गर्भाची हालचाल आईस जाणवू लागण्याच्या वेळी, गर्भपात करावा लागे. हे सर्व त्या स्त्रीच्या शरीरावर होत असे. पैसे मोजणारा आणि अहवाल हाती घेणारा पुष्कळदा दुसराच कोणी असे. आज पाचशे रुपये खर्चा आणि उद्याचे पाच लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती राजरोस झळकत, आणि त्यातील पाच लाख म्हणजे हुंडा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. राज्याच्या आरोग्य खात्यासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ४२ जण लिंग जाणण्यासाठी ही परीक्षा करत असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे हे काही गल्लीबोळातील वैदूंचे काम नव्हते. पदव्या भिंतीवर लावलेल्या प्रतिष्ठित मंडळींचा तो नित्याचा व्यवसाय होता.

या व्यवसायाचे समर्थन जे केले जाई त्याकडे आपण आदराने नसले तरी लक्षपूर्वक पाहिले पाहिजे, कारण आनुवंशिक माहितीचा प्रश्न जेथे जेथे उद्भवतो तेथे आजही तेच समर्थन ऐकू येते. डॉक्टर म्हणत, आम्ही केवळ माहिती देतो, निर्णय कुटुंबाचा. आणि दुसरे असे म्हणत की, तीन मुलींनंतर चौथीला जन्म देऊन सासरी छळ सोसणाऱ्या बाईला तुम्ही कोणत्या न्यायाने ही सुटका नाकारता? पहिल्या युक्तिवादात लबाडी आहे: ज्या माहितीचा एकच उपयोग होणार हे देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक आहे, तिला ‘केवळ माहिती’ म्हणता येत नाही. दुसरा युक्तिवाद मात्र मला तितक्या सहज बाजूस सारता येत नाही. त्या बाईचे दुःख खरे होते. तिच्या छळावर उपाय म्हणून तिच्याच जातीच्या जीवाची निवड करून त्याला वगळायचे, हा उपाय छळणाऱ्याच्या सोयीचा होता, एवढेच त्यावर उत्तर आहे. पण ते उत्तर देताना आवाज चढवण्याचा अधिकार तिच्या जागी नसलेल्या कोणालाही नाही.

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या, काही विवेकी डॉक्टर आणि लोकविज्ञानाच्या चळवळीतील मंडळी यांनी एकत्र येऊन या चाचण्यांविरुद्ध एक मंच उभा केला. विभूती पटेल, मनीषा गुप्ते, छाया दातार, रवींद्र रु. पं., अमर जेसानी ही त्यातील काही नावे. त्यांच्यापुढील वैचारिक पेच मोठा होता आणि तो त्यांनी टाळला नाही, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तितके थोडे. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला होता, स्त्रीच्या आरोग्यासाठी तो अमोल होता, आणि गर्भाची हत्या असा शब्द उच्चारताच तो कायदा धोक्यात येण्याचा संभव होता; तेव्हा गर्भपाताचा हक्क अबाधित राखून लिंगाच्या निवडीस विरोध करायचा, म्हणजेच बंदी गर्भपातावर न घालता त्या माहितीवर घालायची, ही रेषा त्यांनी आखली. विधिमंडळात मृणाल गोरे यांच्यासारख्या सदस्यांनी प्रश्न लावून धरला, आणि १९८८ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचा कायदा अमलात आला. गर्भाच्या आनुवंशिक माहितीवर निर्बंध घालणारा देशातील तो पहिला कायदा होय. मराठी माणसाने ज्या थोड्या गोष्टींचा अभिमान धरावा त्यांत ही एक आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे.

कायद्यात उणिवा होत्या. खाजगी केंद्रे परवाना घेऊन चालूच राहिली. सामान्य नागरिकाला तक्रार घेऊन थेट न्यायालयात जाता येत नसे. आणि सोनोग्राफीची यंत्रे, ज्यांनी लवकरच सुईची गरजच संपवली, ती नोंदणीच्या बंदोबस्तातून बराच काळ निसटली. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला; पण अंमलबजावणी इतकी मंद होती की २००० साली सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील दोन संस्थांना आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि त्यानंतरच २००३ ची दुरुस्ती झाली. या कायद्यातील एक कलम मला अत्यंत विचारप्रवर्तक वाटते. तपासणी करणाऱ्या डॉक्टराने गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने कोणास सांगू नये, अशी त्यात आज्ञा आहे. रुग्णाविषयी जे कळले ते रुग्णास सांगावे, हे वैद्यकाचे व्रत. येथे मात्र कळलेले सत्य मनातच ठेवावे, असे राज्य सांगते, आणि मला वाटते योग्य तेच सांगते. पण न बोलण्याची आज्ञा पाळणे हे बोलण्याच्या आज्ञेहून कठीण असते. पेढे वाटा म्हणजे मुलगा आणि जिलेबी म्हणजे मुलगी, अहवालावरील सहीची शाई लाल की निळी, अशा खुणा निघाल्या. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुन्याचा अर्ज भरावा लागतो, त्यात स्त्रीचे नाव, तिची आधीची अपत्ये, त्यांतील मुलगे किती आणि मुली किती, तपासणी कोणत्या कारणासाठी, हे सर्व लिहावे लागते. हा अर्ज म्हणजे केवळ कारकुनी उपद्रव, अशी तक्रार डॉक्टरांच्या संघटना वारंवार करतात. परंतु ज्या अपराधात फिर्यादी जन्मालाच येत नाही, त्यात साक्ष देणारे दुसरे आहे तरी काय? काठेवाडात विलोबीने जन्मलेल्यांची गणती ठेवली. येथे न जन्मलेल्यांचा माग काढायचा आहे, आणि तो कागदावरूनच निघू शकतो.

गणतीचे आकडे असे आहेत. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात दहा वर्षांत हा आकडा ८९४ वरून ८०७ वर आला. ज्या मुलखाच्या नावावर बालहत्येची जुनी प्रथा नव्हती, तेथे एका पिढीत ही नवी प्रथा घडवली गेली. कोल्हापुरास जिल्हाधिकारी असताना लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्राला जोडून प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याचा उपक्रम केला. त्या जिल्ह्याचा आकडा ८३९ वरून ८६३ झाला, त्याचे श्रेय त्या उपकरणास देता येत नाही, कारण खानेसुमारी लगेच पुढच्या वर्षी झाली; पण नोंदीचे महत्त्व ओळखणारा एक अधिकारी त्या खुर्चीत होता, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. याउलट मुंबई उच्च न्यायालयापुढे २००५ आणि २००७ साली अशा याचिका आल्या की, अपत्याचे लिंग निवडणे हा आमचा मूलभूत हक्क आहे. न्यायालयाने दोन्ही फेटाळल्या.

विद्या येथे थांबलेली नाही. १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातेच्या रक्तात गर्भाचे डीएनए तरंगत असते असे सिद्ध केले, आणि ते ओळखले कशावरून, तर मुलग्याच्या वाय गुणसूत्रावरून. पुन्हा पहिले अक्षर तेच. आता सुई गर्भाशयापर्यंत न्यावी लागत नाही. दंडातून काढलेले रक्त पुरते.

आणि दुसऱ्या एका रोगाच्या निमित्ताने आनुवंशिक माहितीचा हा प्रश्न विदर्भातील गोंड, माडिया आणि नंदुरबारकडील भिल्ल, पावरा यांच्या दारी आला आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि तपासलेल्यास आपली आनुवंशिक स्थिती सांगणारे कार्ड मिळते, जेणेकरून लग्नापूर्वी दोघांची कार्डे ताडून पाहता यावीत. दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. तेव्हा ही मोहीम हवीच आहे, आणि ती राबवणाऱ्या आरोग्यसेविकांचे कष्ट मोठे आहेत. परंतु लग्नाच्या बैठकीत ते कार्ड प्रथम कोणाकडे मागितले जाईल, मुलाकडे की मुलीकडे? वाहक असलेली निरोगी मुलगी ‘रोगी’ म्हणून परत पाठवली गेली, तर तिने दाद कोठे मागावी? न्यायवैद्यक कामासाठी डीएनए नोंदींचे नियमन करणारे विधेयक त्याच जुलै महिन्यात संसदेतून मागे घेण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात आनुवंशिक माहितीस वेगळा दर्जा दिलेला नाही. १९८८ साली महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नव्हती. आजही पाहू नये. कार्ड कोणी मागावे, कोणास दाखवणे बंधनकारक नाही, आणि त्यावरून मुलीस नाकारणाऱ्यास कोणते उत्तर द्यावे लागेल, याचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने कार्डे सर्व पाड्यांवर पोहोचण्याच्या आत करावा.